साथीदाराचे तिकीट : मौदा ते शंकरनगर

हे प्रकरण आमच्याकडे एका मुलाच्या उपचाराचे म्हणून आले आणि हळूहळू त्याच्या आईच्या प्रवासाचे झाले. नागपुरातील एका पुनर्वसन केंद्रात मी समाजसेविका म्हणून काम करते. मार्च 2025 मध्ये केंद्रातील फिजिओथेरपिस्टने माझ्याकडे एक नोंद पाठवली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेला एक नऊ वर्षांचा मुलगा महिन्याच्या तेरा सत्रांपैकी सहा-सातच सत्रांना येतो, आई दर वेळी पुढच्या खेपेला नक्की येते असे सांगते आणि येत नाही, तरी पालकांचे समुपदेशन करावे, असे त्या नोंदीत लिहिले होते. समुपदेशन हा शब्द आमच्या कामात फार लवकर हाताशी येतो. माणूस येत नाही म्हणजे त्याला महत्त्व पटलेले नाही, असे आपण आधी धरून चालतो. पहिल्या भेटीत मी व्यायामाचे महत्त्व सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या बाईंनी मला मध्येच थांबवले आणि शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, व्यायाम मले समजते. गाडीभाड्याचं काय ते सांगा."

कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील येथे दिलेले नाहीत. मौदा तालुक्यातील, भंडारा रस्त्यापासून थोडे आत असलेले, धानाच्या पट्ट्यातले हे गाव एसटीच्या हिशेबाने नागपूरपासून 42 किलोमीटरवर आहे. वडील राईस मिलमध्ये पोती उचलण्याचे काम करतात आणि त्यांना दिवसाला 450 रुपये मिळतात. आई रोवणी आणि कापणीच्या दिवसांत मजुरीला जाते. घरात 67 वर्षांची आजी आहे. मुलाच्या प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 80 टक्के नोंदलेले आहे. त्याला चालता येत नाही, आधार दिला तर तो बसतो, आणि बोललेले सगळे समजून दोन-तीन शब्दांत व बरेचसे डोळ्यांनी उत्तर देतो. त्याचे वजन तेव्हा 23 किलो होते. हा आकडा मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे सगळ्या हिशेबात तो भाड्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

त्यांची वाट अशी होती. गावातून फाट्यापर्यंत वडिलांच्या मोटरसायकलवर, फाट्यावरून एसटीने गणेशपेठ बसस्थानकापर्यंत, आणि तेथून ऑटो करून शंकरनगरच्या बाजूला आमच्या केंद्रापर्यंत. मी आईला एक वही दिली आणि चार आठवडे प्रत्येक प्रवासाची तारीख, कोण गेले, कशाने गेले, किती पैसे लागले आणि कशासाठी गेले हे लिहायला सांगितले. आई आठवीपर्यंत शिकलेली आहे. तिचे अक्षर मोठे आणि स्पष्ट आहे, आणि तिने एकही दिवस चुकवला नाही.

आधी एसटीचा भाग पाहू, कारण सवलतींची चर्चा तेथूनच सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. 25 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या 14.95 टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा एक टप्पा 8.70 रुपयांवरून 10.05 रुपयांवर गेला. म्हणजे सात टप्प्यांचे पूर्ण तिकीट ढोबळमानाने 70 रुपये झाले. दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत असल्याने मुलाला सुमारे 18 रुपये पडत. 65 टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असेल तर त्याच्या साथीदाराला 50 टक्के सवलत मिळते, म्हणून आईचे तिकीट 35 रुपये. जाऊन येऊन दोघांचे 106 रुपये होत. कोणतीही सवलत नसती, आणि मुलाला फक्त वयामुळे मिळणारे अर्धे तिकीट धरले असते, तर हाच खर्च 210 रुपये झाला असता. याचा अर्थ सवलतींमुळे दर खेपेला 104 रुपये वाचत होते. तेरा खेपांचे 1,352 रुपये होतात, आणि त्या घरात ही रक्कम मोठी आहे.

पण वहीतला सर्वांत मोठा आकडा एसटीचा नव्हता. गणेशपेठहून केंद्रापर्यंतचा ऑटो स्पेशल करावा लागे, कारण घडीची व्हीलचेअर, पिशवी आणि मुलाला मांडीवर घेऊन शेअर ऑटोत बसता येत नाही. एका बाजूचे 130 म्हणजे दोन्ही बाजूंचे 260 रुपये. दिवसाचा एकूण खर्च 366 रुपये, आणि त्यात दर दहा रुपयांमागे सात रुपये शहराच्या आतल्या दहा-अकरा किलोमीटरना जात होते. गाव ते शहर या 84 किलोमीटरच्या येण्याजाण्यावर राज्याने दोन-दोन सवलती दिलेल्या होत्या, आणि ज्या टप्प्यावर पैसे खरोखर संपत होते तेथे एकही नव्हती. तेरा खेपांचे 4,758 रुपये होतात. मुलाच्या नावाने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे त्या वेळी महिन्याला 1,500 रुपये येत होते. त्यामुळे आई महिन्यात सहा-सात वेळाच येत होती यात नवल काही नव्हते. उलट तेवढ्या वेळा तरी ती कशी येत होती, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा होता.

वहीतली दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. चार आठवड्यांत कुटुंबातील कोणी ना कोणी एकूण अकरा दिवस नागपूरला आले होते. त्यांपैकी सात दिवस मुलगा सोबत होता. उरलेले चार दिवस आई किंवा वडील एकटेच आले होते: एकदा झटक्यांवरचे महिन्याचे औषध घ्यायला, एकदा पायाच्या स्प्लिंटचे (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या साच्याचे) तयार झालेले जोड न्यायला, आणि दोनदा एका कार्यालयात, एकाच कागदासाठी, कारण पहिल्या दिवशी संबंधित कर्मचारी रजेवर होते. हे चारही दिवस मुलाच्याच कामाचे होते. मुलाला सोबत आणले असते तर साथीदाराची सवलत लागू झाली असती, पण औषधाची बाटली आणायला 23 किलोच्या मुलाला घेऊन 84 किलोमीटर फिरवणे कोणालाही शहाणपणाचे वाटणार नाही. मुलाला घरी ठेवून त्याचा त्रास वाचवला की सवलत जाते. म्हणून मी वहीत आणखी एक रकाना वाढवला: मुलगा सोबत होता का?

हा रकाना वाढवल्यानंतर 'साथीदार' या शब्दाकडे मी पूर्वीपेक्षा बारकाईने पाहू लागले. साथीदार ही व्यक्ती दिव्यांग प्रवाशाच्या शेजारच्या आसनावर बसलेली असते तेवढ्यापुरतीच अस्तित्वात असते. ती तिकिटाला जोडलेली आहे, काळजी घेण्याच्या कामाला नाही. कायदा मात्र वेगळे बोलतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि तीत पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी, आधार वा साहाय्य करणाऱ्या आईवडिलांचा व कुटुंबातील इतरांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रवासात शेजारी असण्याची अट त्या व्याख्येत नाही. याच कायद्याच्या कलम 16 मध्ये दिव्यांग मुलांना, आणि ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा मुलांच्या मदतनिसालाही, शाळेसाठी वाहतुकीची सोय द्यावी असे म्हटले आहे. कलम 24 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची जी यादी आहे तीत अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्ता आहे. तेथे सरकारने या योजना 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत' कराव्यात अशीही शब्दयोजना आहे, आणि ती वाचताना माझ्यासारख्या माणसाची पेन्सिल आपोआप त्या ओळीखाली जाते. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या व सतत देखभाल लागणाऱ्या व्यक्तींच्या काळजीवाहकांना 'आश्वासकिरणम्' या योजनेतून महिन्याला 600 रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम लहान आहे, परंतु ती काळजी घेणाऱ्याच्या नावाने आहे. या कुटुंबाला असा कोणताही भत्ता मिळत नव्हता.

शाळेच्या बाजूनेही मी पाहिले. समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता आहे, आणि मुलाचे नाव गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटावर होते. पण तो भत्ता शाळेत जाण्यासाठी आहे. आमच्या केंद्राचा दिवस म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीचा दिवस. एका दारी पोहोचण्याचे साहाय्य दुसऱ्या दारी उपयोगी पडत नाही, आणि या मुलाला दोन्ही दारांची गरज आहे.

रेल्वेचा नियम येथे थोडा सांगायला हवा, कारण तो तुलनेला चांगला आहे. मदतनिसाशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात आणि शयनयान वर्गात 75 टक्के सवलत आहे आणि त्याच्या मदतनिसालाही तेवढीच आहे. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली गेली तेव्हाही दिव्यांगांची आणि रुग्णांची सवलत चालू राहिली. म्हणजे दोघांना एकच प्रवासी-घटक मानून समान सवलत देणे शक्य आहे, आणि आपल्याच देशात ते अनेक वर्षे चालू आहे. या कुटुंबाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. रेल्वेचे स्थानक गावापासून दूर पडते, तेथे पोहोचायला पुन्हा ऑटो लागतो, आणि गाड्यांच्या वेळा आमच्या सत्रांच्या वेळांशी जुळत नाहीत.

आता वजनाविषयी. मुलगा सहा वर्षांचा असताना आई त्याला कडेवर घेऊन एसटीच्या पायऱ्या चढत असे. नवव्या वर्षी ते जमेना. फाट्यावर गाडी थांबते ती मिनिटभर. तेवढ्यात मुलाला उचलणे, व्हीलचेअर घडी करणे आणि ती वर घेणे हे एकटीचे काम राहिले नव्हते. त्यामुळे सातपैकी तीन दिवस वडील सोबत आले होते. एरवी वाहक खाली उतरून व्हीलचेअर वर घेतात, हे आईने वहीत लिहिलेले नसले तरी मला दोनदा सांगितले. वडील सोबत आले की त्यांचे पूर्ण तिकीट 140 रुपये आणि 450 रुपयांची मजुरी बुडे. मुलाच्या वाढीबरोबर प्रवासाचा खर्च असा वाढत जातो, आणि वाढत्या वजनाची नोंद घेणारे एकही सवलतपत्रक माझ्या पाहण्यात नाही. सत्रे गाळण्याचे खरे कारण बहुतेक वेळा हेच होते: त्या दिवशी मिलमध्ये काम होते आणि वडिलांना सुटी मागता आली नव्हती.

या टप्प्यावर प्रकरणात सर्वांत उपयोगी भर घातली ती एका वाहकाने. मी त्यांना कधी भेटले नाही. एप्रिलच्या शेवटी आई, वडील आणि मुलगा असे तिघे निघाले असताना आईने नेहमीप्रमाणे मुलाचे तिकीट, साथीदार म्हणून स्वतःचे अर्धे आणि वडिलांचे पूर्ण तिकीट मागितले. वाहकांनी विचारले की बाईंना साथीदार कशाला करता? 17 मार्च 2023 पासून महिला सन्मान योजनेत एसटीने सर्व महिलांना निम्मे भाडे केले आहे. ते तिकीट त्यांना बाई म्हणून मिळतेच. साथीदार वडिलांना करा, म्हणजे दोघांचेही अर्धे. हिशेब इतका सरळ होता की दोन वर्षे तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आईच्या, वडिलांच्या तर नाहीच, पण सवलतींची पत्रके फाइलमध्ये लावून ठेवणाऱ्या माझ्याही नाही. त्या दिवसापासून तिघांच्या प्रवासात दर खेपेला 70 रुपये वाचू लागले.

या साध्या बदलातून एक गोष्ट स्पष्ट झाली. महिला सन्मान योजना काळजीवाहकांसाठी आखलेली नव्हती, तरीही मार्च 2023 नंतर या घरात तीच काळजीवाहकाची सर्वांत भरवशाची सवलत ठरली. ती कोणाच्या शेजारी बसण्यावर अवलंबून नाही, तिला प्रमाणपत्र लागत नाही, आणि आई एकटी औषध आणायला निघाली तरी ती लागू असते. साथीदाराची सवलत आईच्या बाबतीत तेव्हापासून निरर्थक झाली होती, कारण दोन्ही सवलती निम्म्याच्या आहेत आणि त्यांची बेरीज होत नाही. आजीचेही तसेच होते. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मे भाडे आहेच, पण बाई म्हणून मिळणारे निम्मे त्यावर आणखी मिळत नाही, आणि तिला मुलगा उचलत नाही हे वेगळेच.

याची दुसरी बाजूही वहीत दिसते. एकट्याने केलेल्या चार फेऱ्यांपैकी तीन आईने केल्या होत्या. वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की ते गेले तर 140 रुपये लागतात आणि ती गेली तर 70, मग तीच जाते. ते वाईट हेतूने बोलत नव्हते, घरातला हिशेब सांगत होते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात वेळ देतात आणि पुरुषांत हे प्रमाण 21.4 टक्के आहे. जे भाग घेतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सुमारे 140 मिनिटे देतात आणि पुरुष 74 मिनिटे. आधीच एका बाजूला झुकलेल्या कामात तिकिटाचा दर आणखी थोडे वजन त्याच बाजूला टाकतो. म्हणून ती सवलत काढावी असे माझे म्हणणे अजिबात नाही. मुलाच्या कामासाठी एकटा निघालेल्या बापालाही काहीतरी मिळावे, एवढेच आहे.

जूनमध्ये मुलाच्या टाचेमागची कंडरा सैल करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो बारा दिवस शहरातील एका रुग्णालयात दाखल होता. आई त्याच्याजवळ राहिली. वडील दहा दिवस मिलचे काम संपवून संध्याकाळी डबा आणि धुतलेले कपडे घेऊन आले आणि शेवटच्या गाडीने परत गेले. एकदा गाडी चुकली तेव्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात झोपून पहाटे गेले. दहा दिवसांचे एसटीचे पूर्ण भाडे 1,400 रुपये झाले. त्यावर एक पैशाची सवलत नव्हती, कारण ज्याचे ते साथीदार होते तो गाडीत नव्हता, खाटेवर होता. उपचारावर खर्च जवळजवळ आला नाही, आणि डबा पोहोचवण्यावर त्या महिन्याचे जवळजवळ पूर्ण अनुदान गेले. रोवणी तोंडावर आली होती. आईने त्या हंगामात मजुरी केलीच नाही. तो तोटा वहीत नाही, कारण वही प्रवासाची होती.

उपाय म्हणून आम्ही जे केले त्यातले काही साधले आणि काही अर्धवट राहिले.

पहिला बदल सत्रांच्या वेळापत्रकाचा होता. आठवड्यातून तीन दिवसांऐवजी दोन दिवस, आणि त्या दोन दिवसांत फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे करता यावीत यासाठीचे उपचार, लागोपाठ. फिजिओथेरपिस्टना हे सहज मान्य झाले नाही, आणि त्यांची बाजू खरी होती. ताठर स्नायूंना वारंवार ताण देणे आवश्यक असते, आणि शस्त्रक्रियेनंतर तर अधिकच. आमचा वाद दोन बैठका चालला. शेवटी ठरले की मधल्या दिवसांचे व्यायाम आजीला शिकवायचे. आजी एक दिवस मुद्दाम केंद्रात आली, भिंतीला टेकून बसली आणि प्रत्येक हालचाल स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय उठली नाही. पुढच्या तीन महिन्यांत महिन्याच्या नऊपैकी आठ सत्रांना हजेरी लागू लागली आणि घोट्याची हालचाल शस्त्रक्रियेनंतर जेथे होती तेथे टिकली. कागदावर सत्रे कमी झाली आणि प्रत्यक्षात मुलाला मिळालेली सत्रे वाढली.

दुसरा बदल वाटेचा होता आणि तो आम्ही नकाशा समोर ठेवून केला. भंडारा रस्त्याने येणारी गाडी शहरात शिरताना पारडीजवळून येते, आणि नागपूर मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गिकेचे पूर्वेकडचे शेवटचे स्थानक, प्रजापतीनगर, त्याच बाजूला आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी हा पूर्वेकडचा भाग सुरू झाल्यापासून तेथून थेट शंकरनगर चौक स्थानकापर्यंत गाडी न बदलता येता येते, आणि स्थानकांवर लिफ्ट असल्याने मुलाला व्हीलचेअरवरून उचलावे लागत नाही. गणेशपेठपर्यंत जाऊन ऑटो करण्याची सवय इतकी जुनी होती की आधीच उतरण्याचा विचार कोणी केला नव्हता. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. मुलगा खिडकीतून खाली इतवारीची गर्दी पाहत होता आणि आपण वर कसे, हे आईला पुन्हा पुन्हा विचारत होता.

परतीच्या वाटेत मात्र गफलत झाली. पारडीला एसटी वाटेतच पकडायची म्हणजे ती आधीच भरून आलेली असते, आणि उभ्याने 23 किलोचा मुलगा घेऊन 42 किलोमीटर जाणे शक्य नाही. जागा हवी असेल तर गाडी जेथून सुटते तेथेच बसले पाहिजे. तीन दिवस अडखळल्यावर आईनेच तोड काढली: परतताना मेट्रोने कॉटन मार्केट स्थानकापर्यंत आणि तेथून गणेशपेठला छोटा ऑटो. शहरातला खर्च अशा रीतीने 260 रुपयांवरून सुमारे 130 रुपयांवर आला. 106 अधिक 130, म्हणजे खेपेला 236 रुपये आणि नऊ खेपांचे 2,124 रुपये. पूर्वीच्या 4,758 च्या निम्म्याहून कमी. मेट्रोचा दुसरा टप्पा प्रजापतीनगरपासून पुढे ट्रान्सपोर्टनगरपर्यंत नेण्याचे काम मंजूर आहे. ते झाले की ही वाट आणखी थोडी सोपी होईल. वडिलांना आता महिन्यातून दोनदाच यावे लागते, कारण येताना उचलण्याचे प्रसंग चारवरून दोनवर आले.

पैशांच्या बाजूने आम्ही दोन ठिकाणी अर्ज केले. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची नोंदणी केली. तिची एकूण मर्यादा एक लाख रुपयांची आहे आणि तीत प्रवासखर्चासाठी वर्षाला 1,000 रुपयांची तरतूद आहे. दुसरा अर्ज ग्रामपंचायतीकडे होता. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. लहान गावाचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्याचे पाच टक्के काढून ते गावातल्या सगळ्या दिव्यांग व्यक्तींत वाटले की वाट्याला फार थोडे येते. बहुतेक ठिकाणी ते सरसकट समान वाटले जाते, आणि सरपंचांची अडचण मला समजते, कारण एकाला जास्त दिले तर दुसऱ्याला काय सांगणार? तरीही वही समोर ठेवल्यावर ग्रामपंचायतीने या मुलासाठी वर्षाला 2,000 रुपये उपचाराच्या प्रवासाकरिता मंजूर केले. अट एकच घातली, तिकिटे जोडावीत. त्या वर्षाच्या उत्तरार्धात आणखी एक दिलासा मिळाला. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान 1,500 रुपयांवरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय घेतला. महिन्याचा प्रवासखर्च आणि महिन्याचे अनुदान हे दोन आकडे पहिल्यांदा एकमेकांच्या जवळ आले.

तिकिटांची अट वाचायला रास्त वाटते, परंतु तिच्यातून या प्रकरणातला सर्वांत मोठा खर्च गळून जातो. ऑटोवाला पावती देत नाही. आम्ही केंद्राच्या कागदावर 'अमुक दिवशी अमुक ठिकाणाहून ऑटोने आले' असे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली. ग्रामसेवकांनी ते ठेवून घेतले आणि लेखापरीक्षणात चालेल की नाही ते विचारून सांगतो म्हणाले. ज्या खर्चाची कागदावर खूण राहते तो तुलनेने स्वस्त आणि आधीच सवलतीचा असतो. जो महाग असतो त्याची खूण राहत नाही. एसटीची आणि मेट्रोची तिकिटे मात्र आईने जपून ठेवली होती, तारखेप्रमाणे लावून, वहीच्या पानांत टाचणीने.

ऑक्टोबरमध्ये तिने पहिल्या सहा महिन्यांची तिकिटे जमा केली. त्यांत जून महिन्यातली वडिलांची दहा दिवसांची, वीस तिकिटेही होती. पंधरा दिवसांनी रक्कम आली. मुलाचे तिकीट ज्यांच्यासोबत होते ती सगळी तिकिटे मान्य झाली होती. वीस तिकिटे एका वेगळ्या पाकिटात परत आली आणि पाकिटावर शेरा होता, 'लाभार्थी सोबत नाही'. पुढच्या सत्राला आईने वही आणली तेव्हा ती वीस तिकिटे जून महिन्याच्या पानावर पुन्हा जागच्या जागी लावलेली होती. मुलगा सोबत होता का, या रकान्यात त्या दहा दिवसांसमोर आधी तिने 'नाही' लिहिले होते. ते आता खोडलेले होते आणि त्याच्या बाजूला 'दवाखान्यात होता' असे लिहिले होते.